भरतीचा गडी

१

आठ जणांचे मिळून सोळा गुडघे, आणि त्यांतले धड म्हणावेत असे पाच-सहाच. एके काळी हे आठही जण कोल्हापुरातल्या एकाच तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले. आता कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला शुगर, आणि मैदान म्हणजे कठड्यावर बसून पोरांना शिव्या घालायची जागा. पण खाज काही जात नाही. त्यांच्यातल्या राजशेखरचा कॉम्प्युटरचा क्लास होता. त्यानं चार वर्षांपूर्वी बसल्या बसल्या एक प्रोग्रॅम लिहिला आणि 'बैठी लीग' सुरू झाली.

बैठी लीग म्हणजे सगळा मनातला खेळ. प्रत्येकाचा एक संघ, संघात पंधरा गडी, गड्यांची नावं आपणच पाडायची. प्रत्येक गड्यापुढं पाच रकाने: वेग, दम, ताकद, नजर आणि तोल. प्रत्येक रकान्यात वीसपैकी गुण. मॅच कॉम्प्युटरच खेळायचा आणि कुणी पास दिला, कुणी गोल हुकवला ते ओळीओळीनं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यायचं. त्यावरून ही पन्नाशीची माणसं अशी हमरीतुमरीवर यायची की बायका आतून डोकावून जायच्या.

एक प्रथा मात्र सगळे कसोशीनं पाळत. संघात एक गडी आपल्या घरचाच हवा आणि त्याचे गुण खरेच टाकायला हवेत. कुणी पुतण्या घातला होता, कुणी जावई. हंबीररावांनी मुलगी घातली, अनुजा. ती कॉलेजकडून आणि जिल्ह्याकडून खेळायची आणि बाकी सातांच्या घरच्या गड्यांना एकटी भारी होती, त्यामुळं कुणी चकार शब्द काढला नाही.

उरलेले चौदा काल्पनिक. त्यांतले तेरा हंबीररावांनी हौसेनं घडवले, टोपणनावांसकट. चौदाव्यापर्यंत येता येता कंटाळा आला आणि समोरचा चहाही निवत चालला होता. त्यांनी नाव टाकलं 'गुंडू'. गाव विचारलं, 'चंदगड' टाकलं. वय सत्तावीस. पाचही रकान्यांत बारा-बारा. आडनाव लिहिलंच नाही. असल्या गड्याला लीगमध्ये 'भरतीचा गडी' म्हणत. चार वर्षांत गुंडू बाकावरून एकदाही उठला नव्हता.

२

हंबीररावांनी एसटीच्या वर्कशॉपमधून मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. बायको संयोगिता प्राथमिक शाळेत शिक्षिका, सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. मार्चमध्ये एका मॅचमध्ये अनुजाचा डावा गुडघा फिरला. आतला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नीट व्यायाम केला तर डिसेंबरात खेळेल, कदाचित.

त्या 'कदाचित'वर सगळं घर टांगलेलं होतं. राज्याच्या संघाची निवड चाचणी डिसेंबरात होती. अनुजा एकवीसची, तिच्या वयोगटाची ही शेवटची चाचणी. पोरगी बोलायची कमी, जेवायची त्याहून कमी. दोन वेळा गच्चीवरच्या खोलीत जाऊन फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेले व्यायाम करायची आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायची. हंबीरराव खाली दिवाणखान्यात कॉम्प्युटरपुढं बसून त्या पायऱ्या ऐकायचे.

बैठी लीगचा हंगाम संपला की पावसाळाभर गड्यांचा सराव चाले. दर बुधवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येकानं लिहायचं, कुठल्या गड्याचा कुठला रकाना वाढवायचा. लीगकडून संघाला दहा गुण मिळत. त्याहून जास्त हवे असतील तर आपल्याच संघातल्या एकाचे काढून दुसऱ्याला द्यायचे. काढलेले गुण कुठल्याही रकान्यात घालता येत.

"घरच्या गड्याचं खरंच लिवायचं, हंबीर," राजशेखरनं जूनमध्येच बजावलं होतं. "वाईट वाटतंय, पण नियम म्हंजे नियम."

हंबीररावांनी अनुजाच्या नावापुढं तोल तीन केला. तेवढं लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग जुलैच्या पहिल्या बुधवारी त्यांनी गुंडूच्या तोलातले चार काढून अनुजाला दिले. हा खेळ आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कागदावर तरी पोरगी सरळ उभी राहू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

गुरुवारी सकाळी अनुजा कठडा न धरता जिना उतरली.

३

अहवाल त्याच दिवशी आला. ज्याला सराव दिला त्याच्यापुढं 'सराव पूर्ण' असं यायचं आणि बाकीच्यांपुढं 'विश्रांती'. हंबीरराव वरून खाली वाचत गेले. गुंडूपुढं आलं होतं, 'हजर होता'.

त्यांनी राजशेखरला फोन लावला.

"राजा, हे 'हजर होता' काय भानगड हाय?"

"कुठं?"

"माझ्या गुंडूपुढं."

"मी दोनच शब्द घातल्यात. तिसरा घातलेलाच न्हाय. चष्म्याचा नंबर तपास जा तुझ्या." पलीकडं थोडा वेळ कळफलक वाजला. "आयला, हाय की! असंल कुठली तरी जुनी ओळ. बघतो आणि काढतो."

त्यानं बघितलं नाही आणि काढलंही नाही. राजशेखरची कामं अशीच असत.

शुक्रवारी दुपारी अनुजा फिजिओथेरपीला गेली होती, संयोगिता शाळेत. हंबीरराव पेपर वाचत होते. वरच्या खोलीत पाऊल वाजलं. एक पाऊल नीट टेकलं, दुसरं फरफटत आलं. पुन्हा एक टेकलं, एक फरफटलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग वळून परत.

माकडं असतील, हंबीररावांनी ठरवलं. गेल्या वर्षी माकडांनी शेजाऱ्यांची टाकी उघडली होती. पण माकड असं मोजून-मापून येरझाऱ्या घालत नाही, हेही त्यांनाच सुचलं. ते वर गेले. दाराला बाहेरून कडी होती. आत व्यायामाची चटई, भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात चेंडू. सगळं जागच्या जागी होतं. हंबीररावांनी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या आणि खाली येऊन चहा टाकला.

४

ऑगस्ट निम्मा सरला. त्यांनी गुंडूचा तोल पुरता काढून घेतला होता. अनुजा आता रिकाम्या मैदानावर हळूहळू पळत होती. एका संध्याकाळी चहाला ती म्हणाली, "पप्पा, जरा हळू मोजा की. तीस सांगितल्यात बाईंनी आणि तुम्ही चाळीस करून घेता."

"काय मोजतोय मी?"

"आता वेड पांघरू नका. डाव्या पायावर उभी राहून डोळे मिटले की तुम्ही मोजाय लागता. आणि मी डोळे उघडायच्या आत जिन्यात पसार. लाजता काय मला?"

संयोगिता हसली. "लहानपणापासून असंच हाय त्यांचं. माया दाखवायची, पण कुणाला दिसू द्यायची न्हाय."

त्या दिवशी त्या वेळी हंबीरराव केस कापून घेत होते. न्हाव्याच्या खुर्चीत, मानेभोवती कापड गुंडाळून. तेच सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण अनुजा हसत होती. मार्चनंतर पहिल्यांदा ती दात दिसतील असं हसत होती.

"बरं," ते म्हणाले. "उद्यापासून हळू मोजतो."

एवढं एक खोटं बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण आता यात आहोत. आवाज कुणाचा होता हे त्यांनी मुलीला विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं.

५

पुढच्या बुधवारी वेग काढला, त्याच्या पुढच्या बुधवारी ताकद. कुणी म्हणेल, माणूस घाबरला होता तर थांबला का नाही? घाबरला होताच. पण दर गुरुवारी सकाळी पोरगी आदल्या दिवसापेक्षा बरी दिसत होती, आणि बापाला त्यापुढं दुसरं काही दिसत नसतं.

वरचे आवाज बदलत गेले. वेग गेला तेव्हा पावलांमध्ये इतकं अंतर पडू लागलं की हंबीरराव पुढच्या पावलाची वाट बघत श्वास धरून बसत. ताकद गेल्यावर पावलं थांबली. मग बसून सरकल्याचा आवाज. हातांवर भार द्यायचा, अंग ओढायचं, थांबायचं. दर गुरुवारी अहवालात तेच दोन शब्द, 'हजर होता'. इतर तेरा विश्रांती घेत होते.

दम काढला त्या आठवड्यात दुपारी टीव्हीचा आवाज वाढवून बसावं लागलं. स्लॅबमधून श्वास ऐकू येतो असं कुणी सांगितलं असतं तर हंबीररावांनी त्याला डॉक्टरकडं पाठवलं असतं. त्यांना ऐकू येत होता. अर्धा आत जायचा आणि तिथंच अडकायचा.

"खोलीच्या भिंतीला हात कुणी लावलेत?" संयोगितानं एका रविवारी विचारलं. "जमिनीपासून वीतभर वर. मळकट पंजे नुसते. अनुजा, लोळतेस का काय तिथं?"

"मी कशाला लोळू?"

हंबीररावांनी ओल्या फडक्यानं भिंत पुसली. पंजे मोठे होते, बोटं जाड. त्यांनी पुसता पुसता मनाशी हिशेब मांडला, की हा सगळा मूर्खपणा असेल तर सराव थांबवून काहीच बिघडणार नाही. आणि मूर्खपणा नसेल तर थांबवलाच पाहिजे. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं. त्या बुधवारी त्यांनी काहीच लिहिलं नाही.

गुरुवारी अनुजाला पलंगावरून पाय खाली टाकता आला नाही. गुडघा सुजून गोल झाला होता. डॉक्टर म्हणाले, जास्त व्यायामानं होतं असं. महिनाभर मागं गेलो समजा. हे सगळं पटण्यासारखं होतं. रिक्षात अनुजा बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

"डिसेंबर गेला की हो माझा, पप्पा."

पुढचा बुधवार येईपर्यंत हंबीरराव नीट जेवले नाहीत. गुंडूच्या चार रकान्यांत शून्य होतं. नजर तेवढी उरली होती, बारा. त्यांनी बाराच्या बारा काढली.

६

आता वरून तळवे थापल्याचा आवाज येई. भिंतीला थाप, मग चाचपणं, मग पुन्हा थाप. दार कुठं आहे ते शोधावं तसं. दार सापडलं की आवाज बंद होई.

अनुजाची सूज चार दिवसांत उतरली होती. डॉक्टरांना नवल वाटलं. ती पुन्हा वर जाऊ लागली. एका सकाळी अकराच्या सुमारास, ती वर असतानाच, हंबीरराव अनवाणी जिना चढले. लख्ख ऊन होतं. शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि खाली भंगारवाला ओरडत चालला होता.

दार अर्धवट उघडं होतं. अनुजा डाव्या पायावर उभी होती, दोन्ही हात पसरून, डोळे मिटून. दाराच्या आड, अगदी खालून, कुणीतरी मोजत होतं.

"एकवीस... बावीस..."

दोन आकड्यांमध्ये श्वास पुरत नव्हता. तरी एकही आकडा चुकत नव्हता. हंबीररावांनी मान वाकवली. दाराच्या कडेपलीकडं जमिनीलगत दोन हात दिसले, कोपरापर्यंत. काबाडकष्टाचे, जाड बोटांचे हात. वाऱ्यात निरांजनाला आडोसा धरतात तसे ते अनुजाच्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना धरलेले होते. स्पर्श करत नव्हते. ती जराशी डावीकडं कलली की डावा हात थोडा सरकायचा. कुठं सरकायचं हे त्या हातांना अंदाजानंच कळत असावं.

दार ढकललं असतं तर बाकीचं दिसलं असतं. हंबीररावांनी ढकललं नाही.

"...चाळीस."

अनुजानं डोळे उघडले, टॉवेल उचलला आणि बाहेर आली. जिन्यात बापाला बघून तिला काहीच वाटलं नाही. तो तिथंच असणार, हे ती धरूनच चालली होती. "आज अजिबात हललो न्हाई मी," असं अस्सल कोल्हापुरी पोरीसारखं म्हणून ती खाली गेली.

हंबीरराव तिथंच उभे राहिले. दाराच्या आडून हळू आवाज आला.

"मालक."

हंबीररावांनी कठडा धरला.

"समदं दिलं. आनी काय लागंल?"

आवाजात राग नव्हता. रागावला असता तर हंबीररावांना बरं वाटलं असतं. कामावरच्या माणसानं दिवस मावळताना विचारावं, तसं तो विचारत होता. माफ कर, असं त्यांना म्हणायचं होतं. सगळं परत घे, असंही म्हणायचं होतं आणि ते अगदी मनापासून म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात खाली अनुजा शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उडी मारून उतरली, दोन्ही पायांवर, आणि गुणगुणत आत गेली.

हंबीरराव गप्प राहिले.

मग तो म्हणाला, "ठीक हाय. डिसेंबरपतोर पुरंल त्यास्नी."

७

पुरलं. चाचणीत अनुजानं दोन गोल केले आणि राज्याच्या संघात तिचं नाव आलं. पेठेत फटाके वाजले, तालमीनं फलक लावला. त्याच बुधवारी हंबीररावांनी संघाची यादी उघडली. गडी चौदाच होते. गुंडूची ओळ कुणी काढली नव्हती, तरी ती नव्हती. वर खोलीत जाऊन ते चटईवर बसले, दोनदा हाक मारली. काही आलं नाही. आधी त्यांना हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, आणि हा क्रम त्यांना पुढं कधी विसरता आला नाही.

जानेवारीच्या शेवटाला पुण्याच्या शिबिरातून अनुजाचा फोन आला.

"पप्पा, आईला सांगू नका. उजवा गुडघा जरा बोलायला लागलाय. जास्त न्हाई. मार्चमधल्या स्पर्धेपर्यंत टिकला म्हणजे झालं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. बघू म्हणाले."

त्यानंतर तासाभरात राजशेखरचा फोन. "हंबीर, नवा हंगाम सुरू करायचाय. तुझ्यात चौदाच हायत, एक गडी भर की."

"राहू दे चौदाच."

"चौदा चालत न्हाईत, लेका. कुणाचं बी नाव टाक. भरतीचाच तर हाय!"

सकाळचे साडेअकरा वाजले होते. घरात कुणी नव्हतं. हंबीरराव कॉम्प्युटरपुढं बसले. नाव नुसतं टाकायचं, त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते त्यांना खरंही वाटलं.

नाव टाकलं, 'राजवीर'. आडनावाच्या जागी बोट थबकलं. आडनाव टाकलं असतं तर घर आलं असतं, आई-बाप आले असते, वाट बघणारं कुणी आलं असतं. ती जागा त्यांनी मोकळी सोडली. गाव, शिरोळ. पाचही रकान्यांत बारा-बारा. भरतीच्या गड्याला त्याहून जास्त देता येत नसे. वय आधी सत्तावीस टाकलं. मग ते खोडलं. जरा तरणा असला तर जास्त दिवस पुरेल.

त्यांनी एकवीस टाकलं. अनुजाचं वयही तेवढंच, हे त्यांच्या लक्षात आलं. आकडा त्यांनी बदलला नाही आणि यादी पाठवून दिली.

वरच्या खोलीत दोन धडधाकट पाय धावत दारापर्यंत आले.

"आलो की, मालक," एक ताजातवाना आवाज म्हणाला. "कुठनं सुरू करायचं?"